एकच दोरी

हे मी परवा-परवापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. नंदालाही नाही. आणि नंदा, म्हणजे माझी बायको, अशी आहे की डबा मी खाल्ला की साइटवरच्या कुत्र्याला घातला, हे ती माझ्या तोंडाकडे बघून सांगते. तिच्यापासून सहा वर्षं एक गोष्ट लपवून ठेवायची म्हणजे केवढी मेहनत असेल, तुम्हीच विचार करा. एवढी मेहनत मी नोकरीत केली असती तर — पण ते जाऊ द्या. नोकरीवर येतोच आहे.

आमच्या घरी लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कोणी तरी म्हणतंच, "विनूकाका, ते म्हशींचं सांगा ना!" मग मी थोडे आढेवेढे घेतो. पोट सावरून खुर्चीत बसतो. आणि सुरू होतो. गोष्ट सांगण्यात आमच्या खानदानात मला तोड नाही, हे मी नम्रपणे नाही, खात्रीने सांगतो. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कुठे स्वतःच्या टकलावरून हात फिरवायचा — सगळं बसलेलं आहे.

गोष्ट अशी. यवतमाळात लोहाऱ्याच्या बाजूला मुलींच्या वसतिगृहाची तीन मजली इमारत उभी राहत होती, आणि मी तिथला सुपरवायझर. बाहेरच्या गिलाव्याचं काम चाललेलं. एक बाई परांचीवरून खाली पडते, नशिबानं रेतीच्या ढिगावर. मी तिला माझ्या जुन्या गाडीत घालून दवाखान्यात नेतो. वाटेत म्हशींचा कळप आडवा. मी खाली उतरून म्हशी हाकतो, आणि नेमकी तिथे माझी पॅन्ट मागून फाटते. कमरेला टॉवेल गुंडाळून मी दवाखान्यात शिरतो, तर डॉक्टर विचारतात, "पेशंट कोण, तुम्ही का?" पोरं लोळून हसतात. मग मी आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "साइटवरच्या फोनात नीट नोंदी होत्या, माणूस सावध होता, म्हणून बाई वाचली." नंदा माझ्याकडे कौतुकानं बघते. वर्षातून एवढ्याच वेळा बघते.

ही गोष्ट खरी आहे. म्हशी खऱ्या, टॉवेल खरा, डॉक्टर खरे. पॅन्ट तर इतकी खरी की नंदानं तिच्या पायपुसण्या केल्या. मग खोटं काय?

एक गोष्ट मला लवकर कळली होती. माणूस स्वतःच स्वतःवर हसायला लागला की लोक त्याची चौकशी करत नाहीत. आपली फाटकी पॅन्ट पुढे धरली की मागचं काही दिसत नाही. मी सहा वर्षं तीच पुढे धरून उभा आहे.

आता फोनाचं सांगतो.

त्या वर्षी आमच्या कंपनीनं सगळ्या साइटवर एक अॅप आणलं. कामावर धोका होण्याआधीच कळावा, यासाठी. गेटजवळ एक पाटी लावली होती, तिच्यावर चौकोनी कोड. कुठे काही धोक्याचं दिसलं — फळी हलते, वायर उघडी आहे, खड्ड्याला कठडा नाही — की मजुरानं तो कोड आपल्या फोनवर स्कॅन करायचा, जागा निवडायची, बटण दाबून बोलायचं. लिहिता येत नसलं तरी चालेल. कोणत्याही बोलीत बोला. निरोप माझ्या फोनवर येई. मी जाऊन बघायचं, दुरुस्त करायचं, फोटो टाकायचा, 'धोका दूर' दाबायचं. मग त्या मजुराच्या फोनवर हिरवी खूण उमटे, आणि एक गोड आवाजाची बाई बोले, "तुम्ही कळवलेला धोका दूर झाला आहे."

चांगली चीज होती. आजही आहे. मी अॅपला दोष देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मजुरांना ते शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मी उभं राहून, हातवारे करून, दोन-चार नकला करून शिकवलं. आणि शेवटी एक वाक्य म्हणालो, ते मला अजून पाठ आहे. "धोका कळवला की त्या जागी पाय ठेवायचा नाही. हिरवं आलं की मग बिनधास्त चढा."

सगळ्यांत आधी शिकली ती सोनीबाई. रेजा होती — म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन विटा-गारा वाहणारी. दारव्ह्याच्या रस्त्याला तिचा तांडा. पन्नाशीच्या आतबाहेरची, बारीक, काटक. तिची लेकही तिथंच कामाला, आणि लेकीची आठ महिन्यांची पोरगी दिवसभर लिंबाखाली झोळीत. साइटवर बायका लेकरांना अशाच झोपवतात. परांची बांधायची काथ्याची दोरी घ्यायची, लुगड्याचं धडूतं अडकवायचं, झाली झोळी. नव्या दोरीचं बंडल कोणी त्यासाठी फोडत नाही. जिथला गिलावा संपला, जिथली परांची उतरवायचीच आहे, तिथली दोरी सोडून घ्यायची, हा रिवाज. मात्र सुपरवायझरला विचारून.

सोनीबाईनं मला विचारलं होतं. आठवडाभर आधी.

"साहेब, पोरीच्या झोळीची दोरी झिजली. एखादी घेऊ का?"

"पश्चिमेकडची घ्या. तिकडचं काम झालंय."

"मंग धरा हिले."

आणि तिनं नात माझ्या हातात दिली. मी त्या पोरीला धरून उभा, सोनीबाई माझ्यासमोर पश्चिमेच्या बल्लीची, म्हणजे परांचीच्या वाशाची, दोरी सोडत होती. एक दोरी. तेवढ्यात पोरीनं माझा शर्ट ओला केला. सोनीबाई हसून म्हणाली, "घ्या साहेब, तुमचंबी बारसं झालं!" पंगतीत हा प्रसंगही मी सांगतो. फार हशा पिकतो. पण तो कशासाठी लक्षात ठेवायचा, ते तुम्ही लक्षात ठेवा. मी तिथं होतो. मी पाहिलं. एकच दोरी, आणि पश्चिमेची.

आता ती सकाळ.

मी गेटबाहेरच्या टपरीवर उभा होतो. हातात तर्री-पोहे. फोन वाजला. स्क्रीनवर आलं — सोनीबाई, पूर्वेचा कोपरा, दुसरा मजला. आवाजी निरोप, अकरा सेकंद.

तुम्हाला सांगितलं पाहिजे की कंपनीच्या यादीत आमची साइट दीड महिना सलग हिरवी होती. अर्ध्या तासात धोका दूर झाला नाही की साइट लाल. दर सोमवारी सगळ्या साइटची यादी पडद्यावर लागे, आणि मी त्या हिरव्या रंगावर इतका खूश असे की जणू तो मीच घोटून काढला. आणि दुसरा मजला म्हणजे शिडी. माझं पोट, माझा गुडघा, आणि शिडी — आमचं तिघांचं कधी जमलं नाही. आणि पोहे गरम होते.

एवढंच? — तुम्ही विचाराल. हो, एवढंच. मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

मी निरोप ऐकलासुद्धा नाही. नाव वाचलं आणि मनात म्हणालो, या बाईला बटण सापडल्यापासून काही सुचत नाही. दोन आठवड्यांपूर्वीचा एक फोटो गॅलरीत होता, दुसऱ्याच कोपऱ्याचा. परांची काय, सगळीकडे सारखीच दिसते. तो टाकला. 'तपासले. धोका नाही.' असं लिहिलं. हिरवं दाबलं. दुसरी प्लेट सांगितली.

सोनीबाई खाली थांबली होती. हे मला नंतर तिच्या लेकीकडून कळलं. भरलेलं घमेलं बाजूला ठेवून, फोन हातात धरून ती शिडीशी उभी होती. गवंडी वर पलीकडच्या फळीवरून ओरडत होता, "काहून उभी राह्यली व बाई, माल आन!" ती म्हणाली, "हिरवं येऊ दे." मी शिकवलं होतं ना. मग हिरवं आलं. ती गोड आवाजाची बाई बोलली. सोनीबाईनं घमेलं उचललं आणि चढली.

स्वतःच्या डोळ्यांनी हलती फळी पाहिलेली बाई. पण फोन म्हणतो धोका दूर झाला, म्हणजे साहेब दुसऱ्या बाजूच्या शिडीनं वर जाऊन आले असतील. आपल्याला दिसलं नसेल.

फळी तिच्यासकट खाली आली. मी पोह्यांची प्लेट टाकून धावलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे — गाडी, म्हशी, टॉवेल. डॉक्टरांना मी सांगितलं, "मी पेशंट नाही." हसू नका म्हणायचा मला काही अधिकार नाही, मीच हसवलं तुम्हाला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आज तिचा उजवा पाय दोन बोटं आखूड आहे.

यापर्यंत आळस झाला, बढाई झाली. वाईटच. पण मी ज्यासाठी हा कागद घेऊन बसलो, ते अजून आलंच नाही. मी त्याच्याभोवती फिरतोय, तुमच्या लक्षात आलं असेल. पंगतीतही मी असाच फिरतो, पण तिथे कळू देत नाही.

दोन दिवसांनी नागपूरहून कंपनीचे एक अधिकारी आले. तरुण, सभ्य. त्यांनी अॅप उघडलं. तक्रारीची वेळ, फोटो, शेरा, हिरवी खूण. सगळं व्यवस्थित. निरोप त्यांनीही ऐकला नाही, हिरवं होतं ना. "मग पूर्वेच्या कोपऱ्याची दोरी सुटली कशी?" त्यांनी विचारलं.

ती कशी सुटली, मला आजही माहीत नाही. उन्हानं जीर्ण झाली, घासून तुटली, की बांधतानाच सैल राहिली — वर गेलो असतो तर कळलं असतं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. लिंबाखाली झोळी होती. रिकामी. काथ्याच्या दोरीनं बांधलेली.

आणि मी बोट दाखवलं.

"या बायका परांचीच्या दोऱ्या सोडून नेतात सर, झोळ्यांना," मी म्हणालो. अगदी सहज. थोडी खंत आवाजात घालून. गोष्ट सांगणारा माणूस आहे मी, कुठे किती घालायचं ते मला कळतं.

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. सोनीबाई पाठीवर पडलेली, पायाला वजन लावलेलं. साहेबांनी मायेनं विचारलं, "बाई, झोळीसाठी दोरी सोडली होती का?"

"सोडली होती साहेब. यायलेच विचारून. पश्चिमेची," ती म्हणाली. "अन् फोनात हिरवं आलं होतं, म्हनून गेली मी वर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. तो एक क्षण होता. 'बरोबर आहे, मी समोर होतो, पोरगी माझ्याच हातात होती' — एवढंच म्हणायचं होतं. मी खुर्ची तिच्या उशाशी ओढली, वाकलो, आणि हळू, अगदी घरच्यासारखं विचारलं, "सोनीबाई, एकच सोडली होती का? आठवा बरं नीट. नंतर पुन्हा नाही ना घेतली कुठली?"

ती आठवायला लागली. छताकडे बघत खरंच आठवायला लागली. औषधांची गुंगी, दुखणं, आणि त्यात समोर मी, इतक्या काळजीनं विचारणारा.

"एकच... एकच असन," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "दोन नाही ना सोडल्या म्या, साहेब?"

मला विचारलं तिनं. साक्षीदार म्हणून विचारलं.

मी म्हणालो, "आता मी काय सांगू, सोनीबाई."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं — कामगाराने परवानगीशिवाय दोरी सोडल्याने अपघात. मी फळांची पिशवी तिच्या उशाशी ठेवली आणि बाहेर आलो.

हाच माझा गुन्हा. फळी नव्हे. फळीला मी ढकललं नव्हतं. पण एका बाईच्या डोक्यातली पक्की, खरी आठवण मी गोड बोलून सैल केली, आणि माझ्या जागी तिला उभं केलं. तिनं पाहिलेलं मी दोनदा खोटं ठरवलं, एकदा फोनवरून, एकदा उशाशी बसून.

त्या वर्षी मला सुरक्षिततेचं मानचिन्ह मिळालं. काचेचं होतं. गेल्या महिन्यापर्यंत टीव्हीच्या कपाटात असे. नंदा त्याच्या खोबणीत सेफ्टी पिना ठेवायची, आणि घरातल्या वस्तूंचा इतका योग्य उपयोग दुसरा कोणी करत नाही. दोन वर्षांनी मीच सुचवलं की अॅपमध्ये जुना फोटो टाकता येऊ नये. त्याच जागी, त्याच वेळी काढलेलाच फोटो घ्यावा. ताबडतोब मान्य झालं. "असं बारीक छिद्र तुम्हाला कसं दिसलं?" वरिष्ठांनी विचारलं. मी टकलावरून हात फिरवला.

त्या अपघातापासून मी हरेक शिडी चढतो. गुडघा कुरकुरतो, मी चढतो. माझ्या साइटवर त्यानंतर कोणी पडलं नाही. कामात मी आज चांगला आहे, जिल्ह्यातल्या चांगल्यांपैकी आहे, हे मी बिनदिक्कत सांगतो. पण हे मी जमेच्या बाजूला मांडत नाही. सोनीबाईचा पाय त्यानं लांब होत नाही.

मग आज का सांगतोय?

गेल्या महिन्यात वणीच्या बाजूला कंपनीचं नवं काम निघालं. तिथल्या मजुरांना शिकवायला जुने आवाजी निरोप गोळा करायचे ठरलं — लोक धोका कसा कळवतात, त्याचे नमुने. काम अर्थातच माझ्याकडे. मी टेबलाशी बसून एकेक ऐकत होतो, लिहून घेत होतो. आणि यादीत ते आलं. सोनीबाई. पूर्वेचा कोपरा. अकरा सेकंद.

सहा वर्षांत मी ते कधीच ऐकलं नव्हतं. मनाशी एक पळवाट मात्र ठेवली होती — ती तिच्या बंजारा गोरबोलीत बोलली असणार, ऐकून तरी मला काय कळलं असतं?

मी बटण दाबलं.

"साहेब, मी सोनीबाई. पूर्वेकडची फळी हालते. खालची दोरी सैल झाली हाये. तुमी या, पाहा. तवरक मी कोनाले चढू देत नाही."

स्वच्छ. सावकाश. एकेक शब्द सुटा करून. मला समजावं म्हणून ती माझ्या बोलीत बोलली होती.

मी ते तीनदा ऐकलं. मग कंपनीला कागद लिहिला, सहीनिशी. तपासलं नव्हतं, फोटो दुसऱ्या जागेचा होता, दोरी कामगारानं सोडली नव्हती, मी खोटं सांगितलं. शिकवण्याच्या कामावरून मला काढलं आहे. चौकशी चालू आहे. जे ठरेल ते योग्यच ठरेल. मानचिन्ह परत पाठवलं. नंदाला म्हणालो, कंपनीनं परत मागितलंय. पिना आता वाटीत आहेत. हे वाचलं की तिला बाकीचं कळेल. तिच्याआधी मला एका बाईला सांगायचं होतं.

रविवारी तांड्यावर गेलो. सोनीबाई दारात तूर पाखडत होती. मला ओळखलं. उठली, काठी घेऊन, एका बाजूला झुकत.

रस्त्यानं मी बरंच जुळवून आणलं होतं. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हणालो, "सोनीबाई, त्या दिवशी मी वर आलो नव्हतो. तुमचा निरोप ऐकलाच नव्हता. न बघता हिरवं पाठवलं. आणि दोरी तुम्ही एकच सोडली होती. पश्चिमेची. नात माझ्या हातात होती. मला तेव्हाही माहीत होतं."

मी शिव्यांची तयारी करून गेलो होतो. काठीचीही. तिनं पाहिलंसुद्धा नाही माझ्याकडे. ती सुपातल्या तुरीकडे बघत होती.

"एकच?" तिनं विचारलं.

"एकच."

"दुसरी नव्हती सोडली म्या?"

"नव्हती."

"सहा वरसं झाले," ती म्हणाली, मला नाही, स्वतःशीच. "रोज मोजते मी. कधी एक भरते, कधी दोन. लेक म्हने, माह्या पोरीच्या पायी माय पडली."

मग ती वळली आणि घराकडे तोंड करून लेकीला मोठ्यानं हाक मारली. लेक पिठाच्या हातानं बाहेर आली. सोनीबाई तिच्या बोलीत भराभरा काही सांगू लागली. मला त्यातला एकच शब्द कळला, आणि तोही कळायची गरज नव्हती. तिनं काठी दाराला टेकवली होती, आणि उजव्या हाताचं एक बोट लेकीच्या डोळ्यांसमोर सरळ उभं धरलं होतं.

चहाचं कोणी विचारलं नाही. मी गाडीकडे निघालो. रस्त्याला लागेपर्यंत आरशात ते बोट तसंच वर दिसत होतं.